उघडायच्या आधीचा पाऊण तास: थीम पार्कच्या तपासणी नाक्यावर रांग नेमकी कुठे अडते

थीम पार्क सकाळी नऊला उघडणार आहे आणि तपासणी नाका सव्वाआठला सुरू होतो. या पाऊण तासात २,४०० माणसं येतात. नाक्यावर सहा लेन आहेत. प्रत्येक लेनला मेटल डिटेक्टरची एक चौकट आणि बॅगा उघडून बघायला दोन टेबलं. नऊ वाजतात, तिकिटाची गेटं उघडतात, तरी सहाशे माणसं तपासणीच्या अलीकडेच अडकलेली असतात. आत पहिल्या राइडची रांग भरू लागते, बाहेर मुलं रडकुंडीला येतात, आणि रांगेतला जो तो चौकटीकडे बघून म्हणतो की हे यंत्रच फार वेळ खातंय.

खरं तर चौकट त्या लेनमधला सगळ्यात वेगवान भाग आहे. वेळ जातो तो चौकटीच्या आधीच्या टेबलावर आणि नंतरच्या चार पावलांत. हे प्रकरण त्या दोन जागांचं आहे.

ते कुठल्या एका पार्कचं नाही. अशा नाक्यांवर नेहमी होणाऱ्या गोष्टी एका सकाळीत गोळा केल्या आहेत, आणि माणसांचे व सेकंदांचे आकडे हिशेब दिसावा म्हणून धरलेले आहेत. आपल्या नाक्यावर घड्याळ लावून मोजलेले आकडे घातले की तोच हिशेब तिथेही करता येतो. ज्या पार्कांची नावं पुढे येतात, त्यांच्याबद्दलची माहिती मात्र प्रत्यक्षातली आहे.

नाका असा का आहे

अमेरिकेतल्या मोठ्या पार्कांमध्ये बॅगा उघडून बघायची पद्धत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर रुळली. चौकटी खूप नंतर आल्या. डिसेंबर २०१५ मध्ये ओरलँडोतल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, युनिव्हर्सल आणि सीवर्ल्ड या तिन्ही ठिकाणी मेटल डिटेक्टरने तपासणी सुरू झाली. डिस्नेने सुरुवातीला सगळ्यांना नव्हे, तर रांगेतून निवडलेल्या काही जणांनाच चौकटीतून पाठवलं. त्याच वेळी खेळण्यातल्या बंदुका बंद झाल्या आणि मोठ्या माणसांच्या वेशभूषेवर बंधनं आली.

यातली अडचण जागेची आहे. जुन्या पार्कांची प्रवेशद्वारं तिकीट तपासून माणूस आत सोडायला बांधलेली होती. त्यांच्यासमोरच्या मोकळ्या चौकात आधी टेबलं आली, मग चौकटी, मग दोऱ्या आणि खांब. चौकटीतून बाहेर पडल्यावर बाजूला होऊन उभं राहायला, बॅग आवरायला, घरच्यांची वाट बघायला जागा कोणी आखलेलीच नव्हती. म्हणूनच पुढे अनेक ठिकाणी तपासणी प्रवेशद्वारापासून लांब नेली गेली. डिस्ने वर्ल्डमध्ये मॅजिक किंगडमला जाणाऱ्यांची तपासणी मोनोरेल आणि बोटीत चढण्याआधीच होते. युनिव्हर्सल ओरलँडोत पार्किंगच्या इमारतींमधून बाहेर पडताच एक्स-रे पट्टे आणि चौकटी लागतात.

लांब नेण्यामागे जागेइतकंच सुरक्षेचंही कारण आहे. २२ मे २०१७ रोजी मँचेस्टर अरीनात स्फोट झाला तो कार्यक्रमाच्या सभागृहात नव्हे, तर त्याबाहेरच्या दालनात, लोक घरी निघालेले असताना. २२ निरपराध माणसं गेली. तपासणीच्या बाहेर साचलेली गर्दी हाही धोकाच असतो. त्यामुळे नाक्यावरची सहाशे माणसांची रांग ही नुसती गैरसोय म्हणून सोडून देता येत नाही. रांग पटकन सरकवणं हेही सुरक्षेचंच काम आहे, आणि नाक्यावरच्या कर्मचाऱ्यांना ते तसंच शिकवायला हवं.

सहा जणांचं कुटुंब

पावणेनऊला एक कुटुंब रांगेत येतं. आई, वडील, नऊ वर्षांची मुलगी, बाबागाडीत दोन वर्षांचा मुलगा, आजी आणि आजोबा. मुलीच्या कमरेला इन्सुलिन पंप आहे. आजोबांना पेसमेकर बसवलेला आहे. आजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, आत धातूचा सांधा आहे. सामानात वडिलांची पाठीवरची बॅग, आईची डायपरची बॅग आणि बर्फ भरलेला छोटा कूलर.

दहा मिनिटांनी, नऊला पाच कमी असताना, ते टेबलापाशी पोचतात. तोवर रांगेत कुणीही काहीही सांगितलेलं नाही. निषिद्ध वस्तूंचा फलक आहे, पण तो टेबलाच्या अगदी वर आहे. तिथे पोचल्यावर वाचून उपयोग नाही.

वडील पाठीवरची बॅग टेबलावर ठेवतात. बॅगेला पाच कप्पे, पाचही चेन बंद. कर्मचारी म्हणतो, "उघडा." वडील मोठा कप्पा उघडतात. कर्मचारी बाकीच्यांकडे बोट दाखवतो. एकेक चेन उघडत जाते. तळाशी गुंडाळलेलं जाकीट आहे, ते बाहेर काढायला लागतं, त्यात चष्म्याचं पत्र्याचं डबडं आणि घडीची छत्री. तपासणी होते आणि वडील तिथेच, टेबलावरच, सगळं परत भरू लागतात. मागच्या माणसाची बॅग हातातच राहते.

दुसऱ्या टेबलावर कूलर. आत सुटा बर्फ आहे. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये सुटा बर्फ आणि ड्राय आइस १ मे २०१९ पासून चालत नाहीत, पुन्हा गोठवता येणाऱ्या आइस पॅक चालतात. इतरही काही पार्कांचे नियम असेच आहेत. कारण साधं आहे. बर्फाच्या ढिगात हात घालून तळ बघायला वेळ लागतो, आणि तळ न बघता कूलर सोडता येत नाही. आई विचारते, "मग मुलीचं इन्सुलिन थंड कसं ठेवायचं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देणारा पर्यवेक्षक तीन लेन पलीकडे आहे.

इकडे बाबागाडी. ती चौकटीतून जात नाही. तिचा सांगाडाच धातूचा असतो, शिवाय रुंदीही बसत नाही. मूल उचलून घ्यायचं, गाडीच्या खालच्या जाळीतलं सामान बाहेर काढायचं, गादी आणि मागचा खिसा चाचपायचा आणि गाडी बाजूच्या फटीतून पुढे ढकलायची. जाळीतलं सामान ही चौथी बॅगच असते, पण ती घेऊन येणाऱ्याला तसं वाटत नाही. त्यामुळे "अजून बॅग आहे का?" या प्रश्नाला प्रामाणिकपणे "नाही" असं उत्तर येतं आणि मग जाळीत एक पिशवी सापडते.

आजी चौकटीतून जातात आणि चौकट वाजते. त्यांना मागे बोलावून पुन्हा यायला सांगितलं जातं. पुन्हा वाजते. कर्मचारी हातातला डिटेक्टर घेऊन चौकटीच्या अगदी तोंडाशीच त्यांना तपासू लागतो, म्हणजे मागून कुणालाच येता येत नाही. आजोबा चौकटीपाशी थबकतात, पेसमेकर असल्याचं सांगतात. त्यांना "थांबा" म्हटलं जातं, पण किती वेळ आणि कशासाठी ते नाही. मुलगी पंप काढून ट्रेमध्ये ठेवायचा का म्हणून आईकडे बघते. आई अजून कूलरपाशीच आहे.

या लेनमध्ये जवळजवळ चार मिनिटं कुणीच पुढे जात नाही. कुणी नियम मोडलेला नाही, कुणी उद्धट वागलेलं नाही. सगळे निर्णय शेवटच्या दोन पावलांवर घ्यावे लागले, इतकंच घडलं.

सेकंदांचा हिशेब

अशी कुटुंबं बाजूला ठेवून आधी साधा दिवस बघू. एका लेनमध्ये १०० माणसं धरा. त्यातल्या ६० जणांकडे बॅग आहे आणि एका बॅगेला टेबलावर सरासरी ३० सेकंद लागतात. टेबलं दोन आहेत, म्हणजे ६० × ३० ÷ २ = ९०० सेकंद, अर्थात १५ मिनिटं. चौकटीतून एका माणसाला ५ सेकंद धरले तर शंभरांना ५०० सेकंद, साडेआठ मिनिटांच्या आत. चौकट बराच वेळ रिकामी उभी असते आणि टेबलाची वाट बघते.

म्हणजे एक लेन तासाला ४०० माणसं सोडते, सहा लेन २,४००. पाऊण तासात १,८०० आत जातात आणि ६०० उरतात. मिनिटाला ४० माणसं जात असतील तर सहाशेव्या माणसाला १५ मिनिटं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगेची लांबी, येण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांचं नातं सिद्ध केलं. त्याचा नाक्यावरचा रोजचा वापर इतकाच की रांगेतली माणसं मोजून मिनिटाच्या वेगाने भागली की थांबण्याचा अंदाज येतो. हा अंदाज रांगेच्या शेपटीशी फलकावर लावला तरी लोकांची अर्धी चिडचिड कमी होते. अंदाज नेहमी थोडा वरचा लावावा. पंधरा सांगून बारा मिनिटांत सुटलेला माणूस खूश असतो. दहा सांगून बारा लागले तर तोच माणूस तक्रार करतो.

आता अलार्म धरू. शंभरातल्या दहा जणांना चौकट वाजली आणि प्रत्येकाची पुढची तपासणी चौकटीच्या तोंडाशी ४० सेकंद चालली, तर ४०० सेकंद वाढले. चौकटीचा वेळ ५०० वरून ९०० झाला, म्हणजे थेट टेबलाइतका. दोन्ही जागा सारख्याच भरलेल्या असल्या की एक अडली की दुसरी अडते. चौकट थांबली की बॅग तपासून झालेला माणूस टेबलापाशीच उभा राहतो, आणि टेबल अडलं की चौकट मोकळी असूनही तिच्यात कुणी येत नाही. प्रत्यक्षातला वेग मग कागदावरच्या हिशेबापेक्षाही खाली जातो.

बिनबॅगेची लेन काय करते, काय करत नाही

अशा वेळी पहिली सूचना येते ती बॅग नसलेल्यांसाठी वेगळी लेन करण्याची. ती जरूर करावी, पण तिच्याकडून काय मिळतं ते नीट समजून.

बॅग नसलेले ४० टक्के, म्हणजे पाऊण तासात ९६० माणसं. माणसामागे ५ सेकंद धरले तर दोन चौकटींतून पाऊण तासात १,०८० जातात. तेव्हा दोन लेन त्यांना दिल्या तर त्यांची रांगच उरत नाही. उरलेल्या चार लेनना बारा टेबलं, लेनमागे तीन. बॅगा १,४४० आहेत. बारा टेबलं ३० सेकंदांच्या वेगाने तासाला १,४४०, पाऊण तासात १,०८० बॅगा बघतात. ३६० बॅगवाले उरतात आणि शेवटच्याला लागतात पुन्हा तेच १५ मिनिटं. टेबलांची एकूण संख्या आणि बॅगेमागचा वेळ बदललाच नाही, तर बॅगवाल्यांच्या वाट्याला काहीच येत नाही.

आणि लहान मुलं घेऊन आलेल्या कुटुंबांकडे बॅग असतेच. ज्यांना थांबणं सगळ्यात जड जातं तीच माणसं बॅगवाल्या लेनमध्ये राहतात. शिवाय एका कुटुंबातले दोघे बिनबॅगेच्या लेनमधून आत जातात आणि आत तिकिटाच्या गेटापाशी घोळका करून उरलेल्यांची वाट बघतात. तिकीट एकाच्याच मोबाइलवर असेल तर सगळंच अडतं. म्हणून या लेनच्या फलकावर "कुणाकडेही बॅग नसलेल्या गटांसाठी" असं लिहायला हवं. नुसतं "बॅग नसलेल्यांसाठी" लिहिलं की गट फुटतात.

खरा फरक पडतो बॅगेमागचे दहा सेकंद वाचवल्याने. ३० चे २० सेकंद झाले तर ६० × २० ÷ २ = ६०० सेकंद. लेन तासाला ६०० माणसं सोडते, सहा लेन ३,६००, पाऊण तासात २,७००. आलेल्या २,४०० माणसांची नऊ वाजता रांगच उरत नाही. एकही नवं यंत्र, एकही जादा टेबल न आणता.

हे दहा सेकंद बॅग बघण्यातून काढायचे नाहीत. तिथे घाई केली तर तपासणीला अर्थ राहत नाही. ते काढायचे दोन जागांतून. एक, चेन उघडण्यातून: रांगेत टेबलाच्या दहा-बारा मीटर अलीकडे एक माणूस उभा करायचा आणि त्याने सतत एकच वाक्य बोलायचं, "सगळ्या चेन उघडा, जाकीट हातात घ्या, छत्री आणि चष्म्याचा डबा बाहेर काढा." दोन, परत भरण्यातून: टेबलाच्या पुढे पाच-सहा पावलांवर एक लांब बाक ठेवायचा आणि बॅग उघडीच हातात देऊन "तिकडे आवरा" सांगायचं. बाक टेबलाला चिकटून असला तर लोक टेबलावरच आवरतात, आणि फार लांब असला तर उघडी बॅग घेऊन कुणी चालत नाही. हे अंतर प्रत्यक्ष उभं राहून ठरवावं लागतं.

चौकट का वाजते

चौकटीच्या दोन खांबांत तारांची वेटोळी असतात. एका बाजूने बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडलं जातं. त्यातून धातू गेला की त्यात प्रवाह फिरू लागतात आणि त्यांनी झालेला बदल दुसऱ्या बाजूला टिपला जातो. बऱ्याच चौकटी उंचीनुसार आणि डाव्या-उजव्या बाजूनुसार भाग पाडतात आणि खांबावरचा दिवा वस्तू कुठे आहे ते दाखवतो. हा दिवा वाचता येणं ही कर्मचाऱ्याची पहिली पात्रता. गुडघ्याच्या उंचीवर दिवा लागला असताना डोक्यापासून पायापर्यंत हातातला डिटेक्टर फिरवणं म्हणजे पंधरा सेकंद वाया.

अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसच्या ०६०१.०२ या मानकात चौकटींसाठी वस्तूंच्या आकाराचे मोठा, मध्यम आणि लहान असे वर्ग आहेत. मोठ्या वर्गात पिस्तुलासारखी वस्तू येते, लहानात अगदी छोट्या धातूच्या वस्तू. कुठल्या वर्गासाठी चौकट लावायची हा पार्कच्या सुरक्षा विभागाचा निर्णय असतो. विमानतळासारखी संवेदनशीलता ठेवली तर पट्ट्याचं बक्कल आणि किल्ल्याही वाजतात आणि लेन बंद पडल्यासारखी होते. रोज सकाळी नाका सुरू होण्याआधी ठरलेली चाचणीची वस्तू घोट्याशी, कमरेशी आणि काखेत धरून प्रत्येक चौकटीतून जायचं. तीनही वेळा वाजलीच पाहिजे. एका जरी उंचीवर वाजली नाही तर ती लेन उघडायची नाही.

खोट्या अलार्मची कारणं मात्र बरेचदा चौकटीच्या बाहेर असतात. शेजारच्या दोन चौकटी एकाच वारंवारतेवर असल्या तर एकमेकींना बिघडवतात. त्यांची चॅनेल वेगळी लावावी लागतात. खांबाला लागून लोखंडी टेबल असेल, हलणारं लोखंडी बॅरिकेड असेल, किंवा चौकट डुगडुगत्या जमिनीवर असेल, तरी आकडे उड्या मारतात. मागचा माणूस फार जवळ चालत असेल तर अलार्म त्याच्या वस्तूचा आणि थांबवलं जातं पुढच्याला.

आता आजींकडे परत जाऊ. पहिल्यांदा चौकट वाजली ती गुडघ्याच्या उंचीवर, सांध्यामुळे. दुसऱ्यांदा दिवा गुडघ्याला लागला आणि कमरेलाही. त्यांच्या कमरेला काहीच नव्हतं. त्याच क्षणी त्यांच्या नातवाची बाबागाडी चौकटीच्या खांबापासून हातभर अंतरावरून पुढे ढकलली जात होती. चाकांवर हलणारा धातूचा सांगाडा चौकटीला तिच्या आतल्या वस्तूसारखाच जाणवतो. यावर उपाय एकच. बाबागाडी आणि चाकाची खुर्ची यांचा मार्ग चौकटीपासून चांगला दूर ठेवायचा, आणि ते जमत नसेल तर चौकटीत माणूस असताना गाडी हलवायची नाही. किती दूर ते चौकटीच्या कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तेवढी रेघ जमिनीवर रंगवून टाकावी.

आजींना परत मागे पाठवणंही चुकीचं होतं. "गुडघ्यात सांधा आहे" असं त्यांनी सांगितलं आणि दिवाही गुडघ्यालाच लागला, मग पुन्हा चालवून काय कळणार? सरळ बाजूला घ्यायचं. शस्त्रक्रियेचं कार्ड दाखवलं तरी तपासणी टळत नाही, कारण कार्डाने सांध्याशेजारी दुसरं काही नाही हे सिद्ध होत नाही. पण माणसाला आधीच सांगितलं की "कार्ड असलं तरी हाताने बघावं लागतं, तीस सेकंद लागतील, बसायचं असेल तर खुर्ची आहे", तर बहुतेक जण शांतपणे सहकार्य करतात. खुर्ची खरोखर तिथे असली पाहिजे.

पेसमेकर आणि पंप

आजोबांची भीती निराधार नव्हती, पण जरुरीपेक्षा जास्त होती. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचा सल्ला असा आहे की पेसमेकर किंवा तसं उपकरण असलेल्यांनी चौकटीतून नेहमीच्या चालीने जावं. आत थांबू नये, खांबाला टेकू नये. हातातला डिटेक्टर मात्र उपकरणावर धरून ठेवू नये, त्यावरून पुन्हा पुन्हा फिरवू नये. ज्यांना चौकटीतून जायचंच नसेल त्यांनी हाताने तपासणी मागावी. म्हणजे नाक्यावर असा नियम हवा की पेसमेकर सांगितला की दोनच पर्याय द्यायचे, न थांबता चौकटीतून चालत जाणं किंवा बाजूला हाताने तपासणी, आणि दोन्हींत हातातला डिटेक्टर छातीपासून दूर. आजोबांना "थांबा" सांगून चौकटीच्या खांबाशेजारीच उभं करणं ही या सगळ्यातली खरी धोक्याची चूक होती.

इन्सुलिन पंप काढायचा नाही. पंप एक्स-रेमधून नेऊ नये अशी सूचना अनेक उत्पादक देतात. तेव्हा जिथे बॅगा एक्स-रे पट्ट्यावर जातात तिथे तो ट्रेमध्ये ठेवायला सांगणं चूक आहे. मुलीने तो अंगावरच ठेवावा, पालकांनी आधी सांगावं, आणि त्यामुळे चौकट वाजली तर पंप नजरेने बघून सोडावं. मूल एकटं पलीकडे आणि पालक अलीकडे अशी वेळ कधीच येऊ द्यायची नाही. एक मोठं माणूस आधी पलीकडे, मग मूल, मग दुसरं मोठं माणूस. औषधं थंड ठेवायला आइस पॅक हे उत्तर टेबलावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला तोंडपाठ हवं. त्यासाठी पर्यवेक्षकाची वाट बघायला लागू नये.

नवी यंत्रं आणली तर

२०२० पासून काही मोठ्या पार्कांनी खिसे आणि बॅगा रिकाम्या न करता चालत जायची यंत्रं आणली. एव्हॉल्व्ह कंपनीची यंत्रं सिक्स फ्लॅग्ज आणि डिस्ने वर्ल्डमध्ये आली. माणूस बॅगेसकट दोन रुंद खांबांमधून जातो. संशय आला तर पडद्यावर त्याच्या चित्रावर नेमक्या जागी चौकोन उमटतो आणि तेवढीच जागा तपासली जाते. अनुभव पुष्कळ सुधारतो, यात शंका नाही. पण छत्री आणि चष्म्याचं पत्र्याचं डबडं त्यालाही फसवतात, म्हणून तिथेही या वस्तू बाहेर काढून हातात पुढे धरायला सांगतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीवर कारवाई केली. यंत्र शस्त्रं ओळखतं आणि निरुपद्रवी वस्तू सोडून देतं याबद्दलचे तिचे दावे फसवे होते असा तो आरोप होता. तडजोडीत तसे दावे करायला मनाई झाली.

आमचं मत असं की ज्या नाक्यावर बाजूला घेऊन तपासायला जागा नाही तिथे हे यंत्र आणूनही रांग अडतेच, फक्त अडण्याची जागा बदलते. आधी टेबलावर साठ जण थांबत होते, आता यंत्रापुढे वाजलेले दहा-पंधरा जण थांबतात, आणि त्यांना उभं करायला तेवढीच चार पावलं आहेत.

एक्स-रे पट्ट्याचं वेगळं. डिस्नेलँड पॅरिसमध्ये बॅगा पट्ट्यावरून जातात. चेन उघडाव्या लागत नाहीत, पण पडदा बघणाऱ्याचं लक्ष टिकवावं लागतं. युरोपीय संघाच्या विमानतळांच्या नियमांत एका माणसाने सलग साधारण २० मिनिटांपेक्षा जास्त पडदा बघू नये असं आहे. पार्कांना तो नियम लागू नसला तरी माणसाचे डोळे तेच आहेत, तेव्हा पाळीही तीच ठेवावी.

क्रम कसा लावला

या नाक्यावर बदल एकदम करून चालत नाही, कारण कशाने फरक पडला ते कळत नाही. आधी चौकटीपुढे तीन मीटर जागा दोरीने मोकळी केली, तिथे खुर्ची, छोटं टेबल आणि हातातला डिटेक्टर असलेला एक वेगळा माणूस. वाजलं की दोन सेकंदांत बाजूला. मग आवरायचा बाक. मग रांगेतला सांगणारा माणूस; तो बारा टेबलांवरच्या कर्मचाऱ्यांपैकी कुणीही नसावा, कारण टेबल रिकामं करून त्याला उभं केलं तर कमावलेले दहा सेकंद तिथेच जातात. शेवटी फलक हलवला, टेबलावरून काढून पार्किंगमधून येणाऱ्या वाटेवर, जिथून माणूस अजून गाडीकडे परत जाऊ शकतो.

गाडीकडे परत जाता येणं महत्त्वाचं आहे. डिस्ने वर्ल्डमध्ये ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, म्हणजे ७९ बाय १३२ सेंटिमीटरपेक्षा मोठी बाबागाडी चालत नाही. सेल्फी स्टिक २०१५ पासून बंद आहे. अशी वस्तू टेबलावर सापडली की तिथे माणसासमोर टाकून देणं किंवा परत फिरणं हे दोनच मार्ग राहतात आणि सगळे कडवट वाद इथेच होतात. वाटेवर, फलकाशेजारी बाबागाडीच्या मापाची एक रंगवलेली चौकट जमिनीवर असेल तर वाद गाडीपाशीच मिटतो.

आत गेल्यावर काही राइडच्या तोंडाशी पुन्हा मेटल डिटेक्टर दिसतो, उदाहरणार्थ युनिव्हर्सल ओरलँडोतल्या हल्क रोलर कोस्टरला. तो शस्त्रांसाठी नाही. खिशातून उडून खालच्या माणसाला लागेल अशी वस्तू राहू नये म्हणून आहे आणि वस्तू शेजारच्या लॉकरमध्ये ठेवायच्या असतात. हे नाक्यावरच सांगितलं तर "परत तपासणी कशाला?" हा राग आत उमटत नाही.

दुपारी पार्कबाहेर जाऊन परत येणाऱ्यांसाठी सहापैकी दोन लेन पुरतात, पण त्या दोन्ही बॅगवाल्या हव्यात. पुन्हा येणाऱ्या माणसाच्या हातात खरेदीच्या पिशव्या असतात, आणि त्यात तलवारीसारखं खेळणं पार्कातल्याच दुकानातलं असतं. ते पावतीवर सोडायचं की नाही याचा लेखी नियम टेबलावर चिकटवलेला असावा, नाहीतर सकाळी मिटलेली भांडणं दुपारी पुन्हा सुरू होतात.